पोलंडमधलं एका रस्त्याचं गाव सांगलीत बसून कसं वाचायचं

आमच्या निवृत्त मोजणीदारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळी सहाला सुविचार येतात आणि सातला वाद सुरू होतो. मध्यंतरी तिथं एक फोटो आला, आकाशातून काढलेला. मधोमध वळणं घेत जाणारा एकच रस्ता, त्याला दोन्ही अंगांनी चिकटलेली घरं, आणि प्रत्येक घराच्या मागं लांबवर गेलेली शेताची अरुंद पट्टी. नदीकाठी लुगडी वाळत घालावीत तशा हिरव्या, पिवळ्या, तपकिरी पट्ट्या. खाली मजकूर : पोलंडमधलं गाव, रस्ता एकच, लोक सहा हजार. एकानं लिहिलं, कॉम्प्युटरवर केलेलं चित्र आहे. दुसऱ्यानं लिहिलं, आपल्याकडं असतं तर रस्त्यात अतिक्रमण झालं असतं. तासगावकडचे आमचे एक जुने सर्कल साहेब मात्र नोकरीतल्यासारखे बोलले : "गावाचं नाव सांगा, चतुःसीमा सांगा, मग बोला."

गाव खरं आहे. नाव सुवोशोवा. क्राकुफ शहराच्या वायव्येला साधारण 30 किलोमीटरवर. साहेबांना चतुःसीमा द्यायची म्हणून मी दोन महिने त्या गावाच्या मागं लागलो. आयुष्यभर साखळी ओढली, पुढं मशीन आलं, पण हद्द वाचायची खोड तीच राहिली. पोलंडचं कुठलंही खेडं घरबसल्या वाचायचं असेल तर मी कसं केलं ते सांगतो. पोलिश भाषा मला येत नाही. गरजेपुरती अक्षरं आणि वीसेक शब्द येतात, तेवढ्यावर निभावतं.

पहिलं काम नावाचं. पोलिश अक्षरं आपल्या इंग्रजीसारखी दिसतात आणि तिथंच माणूस फसतो. एल अक्षरावर तिरपी रेघ असली की उच्चार 'व'. एस आणि झेड जोडून आले की 'श', सी आणि झेड जोडून आले की 'च'. नुसता सी म्हणजे 'त्स'. डब्ल्यू म्हणजे 'व', शब्दाच्या शेवटी आला तर 'फ'. ओ वर टिंबासारखी तिरकी खूण असली की 'उ'. म्हणून आपण नकाशात क्राको वाचतो ते क्राकुफ. शोधताना या खुणांसकट नाव टाका. मोबाइलच्या कीबोर्डवर अक्षर दाबून धरलं की खुणा वर येतात. हे मला नातीनं दाखवलं. तोवर मी खुणांशिवाय शोधत होतो आणि भलतंच काहीतरी सापडत होतं.

नाव मिळालं की पूर्ण पत्ता घ्या, कारण एका नावाची गावं तिथं ढिगानं. आपल्याकडं वडगाव म्हटलं की 'कुठलं?' असं विचारावंच लागतं, तसं तिथं 'नोवा व्येश'. अर्थ सरळ, नवं गाव. आमच्या शेजारचा एक पोरगा पोलंडमध्ये नोकरीला आहे, तो राहतो ते गाव शोधताना मी दोन दिवस चुकीच्या नोव्या व्येशमध्ये काढले. वर त्याला तिथल्या चर्चची माहितीही पाठवली. तो म्हणाला, "काका, आमच्या गावात चर्चच नाही." तेव्हापासून पत्ता खालून वर पूर्ण लिहितो : गाव, मग ग्मिना, मग पोव्यात, मग वोयेवुत्स्त्वो. ग्मिना म्हणजे आपली ग्रामपंचायत आणि पंचायत समिती यांच्या मधलं काहीतरी. तिच्यात अनेक गावं येतात आणि तिचा निवडून आलेला प्रमुख म्हणजे वुय्त. पोव्यात म्हणजे तालुक्याहून मोठा पण आपल्या जिल्ह्याहून लहान घटक. वोयेवुत्स्त्वो म्हणजे प्रांत, देशात 16. खाली गावपातळीवर सोवतिस असतो. त्याला सरपंच म्हणा, नाहीतर जुन्या काळच्या मानानं पाटील म्हणा.

सुवोशोवाची पहिली गंमत इथंच सापडली. फोटोत एक गाव दिसतं, पण कागदावर ते सुवोशोवा एक, दोन आणि तीन असं तोडलेलं आहे, प्रत्येक तुकड्याला वेगळा सोवतिस. 9 किलोमीटरच्या आसपास लांबीचं गाव. एका माणसाला दारोदार फिरणं जमायचं नाही, हे उघड आहे. सर्कल साहेबांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, "म्हणजे तीन तलाठ्यांचे तीन सजे."

एक धोका. कागद कुठल्या सालचा आहे ते बघितल्याशिवाय त्यातला जिल्हा खरा मानू नका. 1975 मध्ये पोव्यात रद्द झाले आणि 49 लहान प्रांत केले. 1999 पासून परत पोव्यात आले आणि प्रांत 16 झाले. हे आपल्याला समजावून सांगायला नको. माझ्या आजोबांच्या कागदांत आमचा जिल्हा सातारा आहे, वडिलांच्या कागदांत दक्षिण सातारा आणि माझ्या कागदांत सांगली. घर जागचं हललं नाही. 1949 ला जिल्हा फुटला आणि 1960 ला नाव बदललं, एवढंच.

आता जमीन. गुगलचा उपग्रह नकाशा उघडा आणि घरं बघू नका, पाणी बघा. सुवोशोवा ज्या पठारावर आहे ते क्राकुफपासून चेंस्तोहोवापर्यंत पसरलेलं चुनखडीचं पठार. चुनखडीत पाणी वर थांबत नाही, भेगांतून खाली उतरतं. वरच्या मैदानावर ओढा मिळणं अवघड, त्यामुळं जिथं पाणी उघडं पडतं त्या दरीला धरून माणूस वसतो. प्रोंदनिक नावाची नदी या गावातच उगम पावते, पुढं ओय्त्सुफच्या राष्ट्रीय उद्यानातून जाऊन क्राकुफला विस्तुला नदीला मिळते. म्हणजे रस्ता असा वेडावाकडा का, याचं अर्धं उत्तर पाण्यात आहे. माणसानं आखलेला रस्ता सरळ असता. हा खोऱ्याच्या तळाला धरून चाललाय. गावाच्या खालच्या अंगाला, प्येस्कोवा स्कावा इथं, चुनखडीचा एक उंच सुळका एकटा उभा आहे. लोक त्याला हर्क्युलिसची गदा म्हणतात. आपल्याकडं असता तर भीमाची म्हटली असती. त्याच्या वरच्या कड्यावर काझिमिएश राजाच्या काळातला, चौदाव्या शतकातला किल्ला आहे. दरी, पाणी, किल्ला एवढं कळलं की चतुःसीमेच्या तीन बाजू भरल्या.

चुनखडीवर वाऱ्यानं आणून टाकलेली पिवळसर, भुसभुशीत मातीही या भागात आहे, लोएस म्हणतात तिला. नांगराला मऊ, पिकाला चांगली, पण उतारावर पावसानं झपाट्यानं वाहून जाणारी. पट्ट्या उताराला आडव्या आहेत की उभ्या हे म्हणून मुद्दाम बघा. गिओपोर्टल या पोलंड सरकारच्या मोफत नकाशावर उंचसखलपणाचा छायाचित्रासारखा थर मिळतो. झाडी काढून टाकून नुसती जमीन दिसते. जुने बांध, बुजलेल्या वाटा, गाळ साचलेली नाळ, सगळं त्यात उघडं पडतं. आमच्या वेळी हे असतं तर निम्मे तंटे जागेवर मिटले असते. किंवा दुप्पट झाले असते.

त्याच गिओपोर्टलवर जमिनीच्या तुकड्यांचा थर चालू करा. आपल्या गटनकाशासारखे नंबर येतात. मालकाचं नाव येत नाही. मालकी असते ती क्शेंगा व्येचिस्ता नावाच्या नोंदवहीत, अर्थ 'कायमची वही'. तिचे चार भाग : पहिल्यात जमिनीचं वर्णन, दुसऱ्यात मालक, तिसऱ्यात हक्क आणि बोजे, चौथ्यात गहाण. वहीचा नंबर माहीत असेल तर ती ऑनलाइन फुकट वाचता येते. सातबाऱ्याच्या 'इतर हक्कां'त सगळं कोंबण्याची सवय असलेल्या आपल्याला हा कारभार फार नीटनेटका वाटतो. पण लोकांच्या गहाणखतात नाक खुपसायला आपण बसलेलो नाही. गाव वाचायला नुसत्या हद्दी पुरतात.

मुख्य प्रश्न पट्ट्यांचा. ग्रुपवर सगळ्यांना वाटलं, ही सजावट आहे. ही सजावट नाही, ही फाळणी आहे. समजा एका घराची पट्टी रस्त्यावर 80 मीटर रुंद आणि मागं 800 मीटर खोल. चार भाऊ झाले. आडवी वाटणी केली तर पुढच्याला रस्ता मिळतो, मागच्या तिघांना भावाच्या शेतातून जावं लागतं, आणि तिथून पुढं काय होतं ते मी 33 वर्षं बघितलंय. म्हणून वाटणी उभी होते. प्रत्येकाला 20 मीटर रस्त्याकडचं तोंड, घराला जागा आणि मागं 800 मीटर शेत. क्षेत्र 16,000 चौरस मीटर, म्हणजे आपले 158 गुंठे, चार एकराला दोन गुंठे कमी. पुढच्या पिढीत तेच तोंड 10 मीटरवर येतं. ओढ्याकाठच्या मळीचे पोटहिस्से आपण पाण्याला काटकोनात पाडतो, सगळ्यांना पाणी मिळावं म्हणून. तिथं पाण्याच्या जागी रस्ता आहे, एवढाच फरक. पट्ट्या मोजल्या की वाटण्या मोजता येतात. चार-पाच सारख्या रुंदीच्या पट्ट्या शेजारी दिसल्या तर त्या बहुधा एकाच मूळ पट्टीच्या लेकी आहेत.

मूळ पट्टी आली कुठून हे गावाच्या घडणीत असतं. मध्ययुगात या भागातली बरीच गावं 'जर्मन कायद्यानं' वसवली गेली. राजा, मठ किंवा जमीनदार एका माणसाला गाव वसवायचा मक्ता देई. तोच सोवतिस, वतनदार. तो माणसं आणी, जमीन ठरावीक मापाच्या तुकड्यांत वाटून देई, आणि पहिली काही वर्षं सारा माफ असे. आपल्याकडं कौल देऊन, इस्ताव्यानं सारा टप्प्याटप्प्यानं चढवत पडीक गावं बसवली, त्यातलाच हा प्रकार. ज्या गावाच्या नावात 'वोला' येतं त्याचा अर्थ हीच मोकळीक. सुवोशोवाच्या ग्मिनेतच वोला कालिनोव्स्का नावाचं गाव आहे. रस्त्याला धरून घरं असलेल्या अशा गावाला पोलिश भूगोलात उलित्सुफ्का म्हणतात. उलित्सा म्हणजे रस्ता. डोंगराळ भागात घरं लांब लांब, साखळीसारखी असतील तर वान्त्सुखुफ्का. बाकीची नावंही अशीच वाचता येतात. दोंब्रोवा म्हणजे ओकची राई, लिप्नित्सा म्हणजे लिंडनच्या झाडांची जागा. आपलं उंबरज, बोरगाव, जांभुळवाडी तसंच. 'वियेल्की' आणि 'मावी' लागलं की मोठं आणि धाकटं : बुद्रुक आणि खुर्द.

मग जुना दप्तरखाना. इथं एकच गोष्ट पाठ करा : 1795 ते 1918 पोलंड नावाचा देशच नकाशावर नव्हता. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी 1772, 1793 आणि 1795 अशा तीन घासांत तो वाटून घेतला. तुमचं गाव एकोणिसाव्या शतकात कुणाकडं होतं यावर कागद कुठल्या भाषेत, कुठल्या मापात आणि कुठल्या तारखेत आहेत हे ठरतं. सुवोशोवा 1815 नंतर रशियाच्या ताब्यातल्या भागात, ओल्कुश पोव्यातात होतं. तिथल्या जन्म-लग्न-मृत्यूच्या नोंदी 1868 पर्यंत पोलिशमध्ये आणि नंतर पहिल्या महायुद्धापर्यंत रशियनमध्ये. नोंदीत दोन तारखा दिसल्या तर गोंधळू नका. एक रशियाच्या जुन्या पंचांगाची, दुसरी आपल्या ओळखीची, त्या शतकात 12 दिवसांचं अंतर. गालित्सिया म्हणजे ऑस्ट्रियाच्या भागात चर्चच्या नोंदी लॅटिनमध्ये, आखलेल्या रकान्यांत. प्रशियाच्या भागात जर्मन. हे सगळं स्कॅन करून सरकारी अभिलेखागारांच्या संकेतस्थळावर टाकत आणलंय, आणि गेनेतेका नावाच्या सूचीत आडनावावरून शोधता येतं.

मापांकडं लक्ष द्या, नाहीतर सगळा हिशोब चुकेल. जुन्या कागदात क्षेत्र 'मुर्ग'मध्ये असतं. रशियन भागातला मुर्ग साधारण 5,600 चौरस मीटर, म्हणजे आपले 55 गुंठे. ऑस्ट्रियाचा थोडा मोठा, 57 गुंठ्यांच्या जवळ. प्रशियाचा मात्र जेमतेम 25 गुंठे. एकाच शब्दात दुपटीहून जास्त फरक! 30 मुर्गांची एक वुका, रशियन भागात ती साडेएकेचाळीस एकर भरते. ऑस्ट्रियाच्या भागातलं गाव असेल तर नशीब चांगलं. तिथं एकोणिसाव्या शतकात घरटी, बांधटी नकाशे झाले, प्रमाण 1 : 2880. एका इंचाला व्हिएन्नाचे 40 वाव. आपल्या गावनकाशाचं 1 : 7920, इंचाला 660 फूट. म्हणजे त्यांचा नकाशा आपल्यापेक्षा पावणेतीनपट मोठा. परसातली विहीर दिसावी इतका.

गावाची एकत्रित माहिती हवी असेल तर 1880 ते 1902 या काळात वॉर्साला छापलेला 15 खंडांचा भौगोलिक कोश उघडा, 'स्वोव्निक गेओग्राफिच्नी'. आपल्या सातारा गॅझेटिअरचा खंड 1885 चा, म्हणजे एकाच काळातली ही भावंडं. फरक हा की आपलं गॅझेटिअर राज्यकर्त्यांनी सारा आणि बंदोबस्तासाठी केलं, आणि तो कोश देश हातातून गेलेल्या लोकांनी आपली गावं निदान कागदावर एकत्र राहावीत म्हणून केला. राज्याच्या हद्दी ओलांडून तिन्ही भागांतली गावं एका वर्णानुक्रमात. नोंदी तुटक असतात, पण डी-एम म्हणजे घरं, एम-के म्हणजे रहिवासी आणि एम-आर म्हणजे मुर्ग, एवढी तीन संक्षेपं कळली की काम भागतं. क्राकुफच्या परिसरातलं गाव असेल तर आणखी चारशे वर्षं मागं जाता येतं. पंधराव्या शतकात यान द्वुगोश या धर्मगुरूनं क्राकुफच्या धर्मप्रांताच्या उत्पन्नाची मोठी यादी केली, गावागणिक जमीन आणि दशमांश. देवस्थान इनामाचं रजिस्टरच म्हणा.

रशियन भागातल्या गावासाठी सगळ्यात मोलाचा कागद 1864 नंतरचा. 1863 मध्ये रशियाविरुद्ध उठाव झाला. त्यातली एक लढाई मार्चमध्ये याच प्येस्कोवा स्कावाला झाली. पुढच्या वर्षी झारनं हुकूम काढून जमीन कसणाऱ्या शेतकऱ्यांच्या नावावर केली. दया आली म्हणून नव्हे. उठाव करणाऱ्या जमीनदारवर्गापासून शेतकरी फोडायचा होता. हेतू काही असो, त्यामुळं प्रत्येक गावात कोण किती जमीन कसतो याचे तक्ते झाले. कुणाला जमीनदाराच्या रानात लाकूड तोडायचा आणि जनावरं चारायचा हक्क आहे हेही त्यांत लिहिलं. पोलिश अभिलेखागारात त्यांना 'ताबेले लिक्विदात्सिय्ने' म्हणतात. कूळकायद्यात 1 एप्रिल 1957 चा कृषक दिन, म्हणजे कुळं जमिनीची मालक ठरली तो दिवस, आणि कुळानं द्यायच्या किमतीच्या 32-ग च्या नोंदी ज्यांनी हाताळल्यात, त्यांनी हा कागद बघितला की परक्या देशात आहोत असं वाटणार नाही. चराईच्या हक्काचे तंटे तर पुढं वर्षानुवर्षं चालले. गायरान म्हटलं की भांडण आलंच.

पट्ट्या आजवर टिकल्या कशा? पोलंडमध्ये साम्यवादी राजवट आली तेव्हा सामुदायिक शेतीचा आग्रह झाला, पण 1956 नंतर तो मागं पडला आणि बहुतेक जमीन घराघरांकडंच राहिली. विखुरलेल्या तुकड्यांना ते लोक शखाव्नित्सा, म्हणजे बुद्धिबळाचा पट, म्हणतात. एकत्रीकरणाचे कायदे त्यांनी केले, आपणही 1947 ला केला. आमच्या भागात एकत्रीकरणात चुकलेले गट अजून दुरुस्त होतायत, तेव्हा त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही.

शेजारच्या पोराचं गाव मात्र दुसऱ्याच जातीचं निघालं. तो व्रोत्सवाफजवळ गोदामात कामाला आहे. त्यानं शिवारातल्या झाडीत पडलेल्या एका दगडाचा फोटो पाठवला, वर जर्मन अक्षरं. थडगं होतं. पश्चिम पोलंडातलं गाव असेल तर 1945 ही रेघ ठळक ओढा. युद्धानंतर देशाची हद्दच पश्चिमेला सरकली. तिथले जर्मन लोक गेले किंवा घालवले गेले, आणि पूर्वेकडून, सोव्हिएत संघात गेलेल्या भागातून, पोलिश कुटुंबं आणून बसवली. गावांची नावं बदलली. त्या बाजूच्या कितीतरी नोव्या व्येश आधी नोइडोर्फ होत्या. अर्थ तोच, नवं गाव. अशा गावात आजोबांना विचारून गावाचा जुना इतिहास मिळत नाही, कारण आजोबाच परगावचे. तिथं जुने जर्मन 1 : 25,000 चे नकाशे शोधा आणि आजच्या नकाशावर ठेवून बघा. आमच्याकडं पुनर्वसनात उठलेली गावं आहेत, तिथं माणसं उठली आणि नाव सोबत नेलं. त्या गावात माणसं आणि नाव दोन्ही बदललं, घरं तेवढी राहिली.

मिरज-कोल्हापूर लाइनवरच्या वळिवड्याच्या छावणीवरूनही काहीजण विचारतात. 1943 ते 1948 तिथं सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. माझे वडील सांगायचे, गाडी वळिवड्याला थांबली की गोरी पोरं मराठीत बोलायची. त्यांच्यापैकी कुणाचं मूळ गाव शोधत असाल तर आजच्या पोलंडच्या नकाशात वेळ घालवू नका. त्यातली बहुतेक कुटुंबं देशाच्या पूर्व भागातली, 1940-41 मध्ये सोव्हिएत फौजांनी सैबेरिया-कझाकस्तानकडं नेलेली. ती गावं आज युक्रेन, बेलारूस किंवा लिथुआनियात आहेत. दोन महायुद्धांच्या मधल्या काळातले पोलिश लष्करी नकाशे 1 : 1,00,000 प्रमाणाचे ऑनलाइन मिळतात, तिथून सुरुवात करा. जुनं पोलिश नाव धरा, मग आजचं.

सगळं झाल्यावर ग्रुपवर मी सुवोशोवाचा हातनकाशा टाकला, चतुःसीमेसकट. रस्त्याचा क्रमांकही दिला, प्रांताचा 773 नंबरचा. सर्कल साहेबांनी तो मोठा करून बघितला असणार, कारण अर्ध्या तासानं विचारलं, "पट्टीच्या मागच्या टोकाला ट्रॅक्टर कुठनं जातो? 10 मीटरच्या पट्टीत वळणार कसा?" मी परत उपग्रह नकाशा उघडला. घरांच्या मागं, शेतांमधून, फिकट रेघा दिसत होत्या. अशा गावांत कोठारांच्या मागून जाणाऱ्या वाटेला पोलिशमध्ये वेगळं नावच आहे, द्रोगा झागुमियेन्ना, खळ्यामागची वाट. तुम्ही बघाल तेव्हा ती आधी शोधा, मी शेवटी शोधली.

साहेबांचा निरोप आला : "म्हणजे रस्ता एकच नाही. फोटोखालचं दुरुस्त करा."